स्टँडच्या कोपऱ्यावरचा खांब

कलबुर्गी,
६ जानेवारी २०२५

ति. रेवणप्पा अण्णा,

नमस्कार. दिवाळीनंतर माझं पत्र नाही म्हणून तुम्ही सिद्धव्वा काकूंपुढे माझ्या नावानं पुटपुटत असणार. फोन केला असता, पण मागच्या वेळी मी पाच मिनिटं बोलले आणि तुम्ही "आज दूध नको" म्हणून ठेवून दिलात. तुमच्या कानांपुढे मी हात टेकले. शिवाय पत्रं माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर येतात ते बरं पडतं. आईला अजून माहीत नाही. मी डिप्लोमाला बीदरच्या होस्टेलवर गेले तेव्हा तुमचं पहिलं पत्र आलं, सोबत तुमची जुनी पक्कड. तेव्हापासून आपला हा चोरीचा मामला चालू आहे. बारा-तेरा वर्षं झाली. आई अजूनही तुमचं नाव निघालं की उठून आत जाते.

आता कामाचं. विजेच्या गाड्या झटपट भरायची स्टेशनं आमची कंपनी तालुक्याच्या गावांत टाकते आहे. यादीत औराद नव्हतं. मी बसवेश साहेबांशी, म्हणजे माझ्या वरिष्ठांशी, दोन महिने भांडले, तेव्हा ते आलं. जागा बघितली आहे स्टँडच्या कोपऱ्यावरची, जिथं विजेची जुनी डीपी, म्हणजे वाटपाची पेटी, आहे ती. दोन मशिनं बसतील, एका वेळी चार गाड्या. पाऊण तासात गाडी भरते. तिथला जुना खांब नि डीपी काढून नवा ट्रान्सफॉर्मर आणि जमिनीखालून केबल टाकायची.

साहेबांचं मन मात्र हायवेवरच्या ढाब्यावर आहे. तिथं जागा मोकळी, मालक एकच, सही एकच. वीस फेब्रुवारीला नगरपंचायतीत बैठक आहे. त्या दिवशी बाजारातल्या लोकांनी हो म्हटलं नाही तर स्टेशन ढाब्यावर जाईल. मी दुकानादुकानातून फिरले. पीठगिरणीचे गुरुपादय्या मला म्हणाले, "रेवणप्पाला इचार. त्यो व्हय म्हनला तर माजी सही घे." दुसरा म्हणाला तेच, तिसराही तेच. या गावात घराघरात लाइट तुम्ही नेली, त्यामुळे विजेच्या बाबतीत लोक देवाला नाही, तुम्हाला विचारतात.

तर बैठकीला या आणि हो म्हणा, एवढंच मागणं आहे. हे माझ्या एकटीच्या नावावरचं पहिलं काम आहे, आणि ते माझ्या गावात व्हावं असं मला फार वाटतं.

तुमची,
मंजुश्री

*

औराद,
१४ जानेवारी

चि. मंजू,

शरणु शरणार्थी. तुझं पत्र पोचलं. वेळामावस्येला शेतातल्या जेवणाला तुझी वाट बघितली. सिद्धव्वानं आंबिलीचं मडकं तुझ्या नावानं वेगळं ठेवलं होतं, ते शेवटी मी संपवलं आणि दोन दिवस पोट धरून बसलो.

तुझं काम वाचून छाती फुगली. हणमंताची पोर गावात ट्रान्सफॉर्मर बसवायला येणार, याहून मला काय हवं. पण पोरी, कोपऱ्यावरची जागा नको. कारणं सांगतो.

एक तर गावच्या लाइनला आधीच धाप लागते. संध्याकाळी गिरणी चालू झाली की आमच्या घरचा पंखा पाती मोजून घ्यावीत इतका हळू फिरतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? दुसरं म्हणजे बाजाराच्या दिवशी त्या कोपऱ्यावर मिरचीवाल्या बसतात. त्यांना उठवशील तर चन्नव्वा तुला मिरचीसारखी कुटेल. बरं, औरादेत विजेच्या गाड्या आहेत किती? एक डॉक्टरची आणि एक सासऱ्यानं जावयाला दिलेली, ती तो जावई पुसतो जास्त नि चालवतो कमी. पाऊण तास माणसानं तिथं करायचं काय? शिवाय तिथला कडुलिंब तोडावा लागेल, आणि गाडी वळवायला जागा नाही.

ढाब्यावर काय वाईट आहे? मोकळं आहे, वारा आहे, चहा मिळतो. नाहीतर संतपूर रोडला घाल. अगदीच अडलं तर माझ्या अंगणात घाल, म्हैस बाजूला बांधतो. कोपऱ्यावर नको.

बैठकीला यायला माझे गुडघे तयार नाहीत. थंडीनं आखडलेत.

तुझा,
रेवणप्पा अण्णा

*

कलबुर्गी,
२७ जानेवारी

ति. अण्णा,

मागच्या बाजाराच्या दिवशी मी औरादला येऊन गेले. तुमच्याकडे आले नाही. आले असते तर काकूंनी शेंगापोळी पुढे केली असती आणि तुम्ही विषय बदलला असता.

सकाळपासून पाचपर्यंत मी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसून गाड्या बघितल्या. हिरव्या पाटीच्या, म्हणजे विजेच्या, अकरा गेल्या. उदगीरकडून येतात, बीदर नाहीतर हैदराबादला जातात. अकरांपैकी एकीतलंही माणूस औरादेत उतरलं नाही. एकजण काच खाली करून मला विचारत होता, इथं गाडी भरायची सोय आहे का. नाही म्हटल्यावर एसी बंद करून, घाम पुसत बीदरकडे निघून गेला. बायको-पोरं सोबत होती. पाऊण तास ती माणसं आपल्या बाजारात फिरली असती तर चहा प्याली असती, चन्नव्वा अक्काची मिरची घेतली असती, पोरांना चपला घेतल्या असत्या. ढाब्यावर थांबली तर पैसा ढाब्याचा, गाव फक्त पाटीवर वाचायचं. नवा रस्ता गावाबाहेरून गेला की बाजार कसा वाळतो ते तुम्ही दोन-तीन गावांत बघितलंय, मी काय शिकवणार.

लाइनचं म्हणाल तर आमचा ट्रान्सफॉर्मर वेगळा असेल. गिरणीच्या पट्ट्याला त्याचा धक्कासुद्धा लागणार नाही. लिंब मोजला, तो राहतो. गाडी वळते, मी टेम्पो वळवून बघितला. बाजाराच्या दिवशी मिरचीवाल्यांसाठी अर्धी जागा सोडता येईल.

अण्णा, तुमचं एकही कारण टिकत नाही, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे. जन्म लाइनवर काढलेल्या माणसाला वेगळा ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय हे मी सांगायचं? मला वाटतं खरं कारण तो खांब आहे. माझे बाबा त्याच खांबावर गेले. तिथं माती उकरली की मला त्रास होईल, असं तुम्हाला वाटत असणार. नाही होणार. उलट तो खांब पडलेला मला बघायचा आहे. दर वेळी बस स्टँडात शिरते तेव्हा मी डोळे मिटते. तीस वर्षांची बाई, डोळे मिटून बसते. त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. फक्त बैठकीला या.

तुमची,
मंजू

*

औराद,
३ फेब्रुवारी

चि. मंजू,

तू विचारत नाहीस, पण मी सांगतो. सांगितल्यावर तरी मला बैठकीला बोलावणं सोडशील.

आम्ही लाइनवर काम करायचो तेव्हा आधी सबस्टेशनमधून लाइन बंद करून घ्यायची. त्याला लाइन क्लिअर म्हणतात, तुला माहीतच आहे. काम संपलं की ज्यानं ती घेतली त्यानंच फोन करून परत द्यायची, मग करंट सुटतो. तू आठ वर्षांची होतीस त्या मार्चमधली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. लाइन क्लिअर माझ्या नावानं होती. मी गिरणीजवळच्या खांबावर, हणमंत स्टँडच्या कोपऱ्यावर. माझं काम आधी झालं.

आमची एक पद्धत होती. खांबावर अनवाणी चढायचं आणि चपला बुडाशी काढून ठेवायच्या. चपला दिसतात तोवर माणूस वर आहे, लाइन परत द्यायची नाही. शिट्ट्या-हाका बाजाराच्या गलक्यात ऐकू येत नाहीत, म्हणून ही पद्धत. त्या दिवशी मी कोपऱ्यापर्यंत गेलोच नाही. खांबाच्या बुडाशी बघितलंच नाही. गिरणीपुढे लोक लाइटसाठी ओरडत होते, मला घाई झाली. समोरच्या दुकानातून फोन केला आणि लाइन परत दिली. चौकशीत हेच ठरलं. आठ महिने घरी बसवलं मला, ते योग्यच केलं. तुझी आई माझं तोंड बघत नाही, तेही योग्यच आहे.

तेव्हापासून मी त्या कोपऱ्यावर पाऊल टाकलेलं नाही. स्टँडवर जायचं झालं तर मशिदीच्या गल्लीनं लांबून जातो. अशा माणसानं त्या जागेसाठी हो म्हणायचं, हे मला जमणार नाही.

आणखी एक. त्या कोपऱ्यावर बंडेप्पा बसतो, चपला शिवणारा. आता फार म्हातारा झालाय, काहीबाही बरळतो. त्याच्याशी बोलत बसू नकोस.

रेवणप्पा

*

कलबुर्गी,
९ फेब्रुवारी

ति. अण्णा,

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली.

तुम्ही खांबाच्या बुडाशी बघितलं होतं. आईच्या ऑफिसातले जुने लाइनमन सांगतात, चपला बघितल्याशिवाय रेवणप्पानं जन्मात लाइन परत दिली नाही. तुम्ही बघितलं आणि तिथं चपला नव्हत्या, कारण त्या मी उचलल्या होत्या.

बंडेप्पा आजोबांशी बोलू नको म्हणून तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला कळलं की तुम्हालाही माहीत आहे. मला वाटत होतं ते माझं मलाच माहीत आहे.

सकाळची शाळा होती. आईनं बाबांचा डबा देऊन मला पाठवलं. बाबा वर होते. मी हाक मारली, पण ताडपत्र्या बांधलेल्या, गर्दी, त्यांना ऐकू गेलं नाही. खाली त्यांच्या चपला होत्या. उजवीचा अंगठा तुटला होता, त्यांनी तो तारेनं बांधला होता आणि चार दिवस लंगडत चालत होते. आई रोज म्हणायची शिवून घ्या, ते रोज उद्या म्हणायचे. मला वाटलं, ते उतरायच्या आत शिवून आणावी, म्हणून अख्खा जोडच उचलला. त्यांना गंमत वाटेल. बंडेप्पा आजोबा वीस पावलांवर बसायचे. त्यांनी आधी माझ्याशी थट्टा केली, मग चप्पल हातात घेतली. ते शेवटचा टाका घालत होते तेव्हा गिरणी सुरू झाली. तिचा आवाज मला आधी ऐकू आला. लोक कोपऱ्याकडे पळायला लागले ते त्यानंतर.

तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. तेरा वर्षांची असताना एकदा आईबरोबर तिच्या ऑफिसात गेले होते. बाबांच्या जागी तिला शिपायाची नोकरी मिळाली होती, तिथं. दोन लाइनमन चहा पीत नव्या माणसाला समजावत होते, "खांबाखाली चपला हायत तवर लाइन द्यायची न्हाई बघ." मी पाणी पीत होते. पेला तसाच ठेवून बाहेर जाऊन बसले. तेव्हापासून हे माझ्यापाशी आहे.

मी कुणालाही सांगितलं नाही. आई तुम्हाला शिव्या द्यायची तेव्हा मी जेवत बसायची. तुमची पत्रं यायची, त्यात तुम्ही मला व्होल्टेज शिकवायचात, चांगलं चाललंय का विचारायचात, आणि मी तुम्हाला विनोदी उत्तरं लिहायची. तुम्ही दोषी ठरलात म्हणून मी सुटले होते, अण्णा. या पत्रातही तुम्ही पुन्हा तेच करायला निघालात. आता पुरे झालं.

गावाच्या बाजारासाठी मी भांडते आहे हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला तो खांब तिथून जायला हवा होता. काम दुसऱ्याला द्या म्हणून मी उद्या साहेबांना लिहिणार आहे. ढाब्यावर करू देत. तुम्हीही बैठकीला येऊ नका. आईला सांगायचं अजून बाकी आहे, आणि ते धैर्य माझ्यात नाही.

मंजू

*

औराद,
१४ फेब्रुवारी

चि. मंजू,

तुझं पत्र सिद्धव्वानं आधी वाचलं. ती पदर तोंडाला लावून बसली म्हणून मी हातातून घेतलं.

हो, मला माहीत होतं. त्या गर्दीत तू चपला छातीशी धरून उभी होतीस, ते मी बघितलं. त्याच संध्याकाळी बंडेप्पाकडे गेलो. तो म्हणाला, "अण्णा, म्या शिवत बसलो हुतो, मला काय ठावं?" मी त्याला शपथ घातली. पुढं चौकशीत साहेबानं विचारलं, खांबाच्या बुडाशी बघितलं होतंस का? मी म्हणालो, नाही. एका शब्दात काम झालं. बघितलं होतं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग चपला कुठं गेल्या? तो प्रश्न मला येऊ द्यायचा नव्हता.

पण आता नीट वाच, कारण हे मी तुला समजावण्यासाठी लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो. खात्याच्या पुस्तकात लाइन परत द्यायचा नियम आहे. माणूस उतरलेला डोळ्यांनी बघायचा, नाव घेऊन विचारायचं, त्याच्या तोंडून ऐकायचं, मग फोन करायचा. चपलांचं त्या पुस्तकात एक अक्षर नाही. ती पद्धत माझी. शंभर पावलं चालायचा कंटाळा म्हणून मी काढली, आणि हणमंत नवा आला तेव्हा त्याला मीच शिकवली. मग सगळ्या तालुक्यानं उचलली. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मी खांबाचं बूड बघितलं. ताडपत्रीमुळे वरचं दिसत नव्हतं. पुढं जाऊन ताडपत्री बाजूला केली असती तर दिसला असता. मी खाली बघितलं, वर बघितलं नाही. मनात आलं, पोर डबा घेऊन आली असेल, बाप-लेक जेवायला बसले असतील.

आठ वर्षांच्या लेकराला काय माहीत की एका चामड्याच्या जोडावर आम्ही माणसाचा जीव टांगून ठेवलाय. मला माहीत होतं. म्हणून चौकशीत मी सांगितलं ते खोटं होतं, पण शिक्षा बरोबर माणसाला झाली. माझी चूक मी तुझ्यापासून लपवली याचं मात्र वाईट वाटतं. मला वाटायचं मी तुला झाकतोय, आणि तू तिकडं एकटी बसली होतीस.

काम सोडू नकोस. सोडलंस तर नव्या लाइनवर जी पोरं चढतील त्यांच्या खाली कोण उभं राहणार? त्यांना पुस्तकातला नियम कोण शिकवणार, ढाब्याचा मालक? साहेबांना लिहिलं असशील तर पुन्हा लिही, मूर्खपणा झाला म्हणून. त्यांनाही कधीतरी झाला असेल.

आईला सांगू नकोस, असं मी इतकी वर्षं मनात म्हणत आलो. आता म्हणत नाही. ते तू ठरव.

वीस तारखेला मी येतो. गुडघ्यांचं बघतो काय करायचं ते.

रेवणप्पा अण्णा

*

कलबुर्गी,
२३ फेब्रुवारी

ति. अण्णा,

बैठकीत तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे. हणमंताच्या वेळी वर न बघता लाइन परत दिली ती मी, तो खांब गावात आता नको, आणि पोरीचं काम चोख आहे. एवढं बोलून तुम्ही डोळे मिटून खुर्चीवर बसलात. लोक पुढं काय बोलले ते तुम्हाला ऐकू आलेलं नाही, आणि सभा उठताच तुम्ही काकूंचा हात धरून निघून गेलात. म्हणून लिहिते.

आधी गुरुपादय्या उठले. म्हणाले, "त्या दिशी लाइट द्या लाइट द्या म्हनून सगळ्यात मोठ्यानं मी वरडत हुतो. दळान आडलं हुतं माजं. रेवणप्पानं एकट्यानं कामून डोक्यावर घ्यायचं?" आणि खाली बसून टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

चन्नव्वा अक्का म्हणाल्या, "त्ये सगळं खरं हाय. आमी बसायचं कुटं ते आदी सांगा." त्यावर सगळे हसले, मीही हसले. बाजाराच्या दिवशी एकच मशीन चालवायचं आणि लिंबाकडची अर्धी जागा मिरचीवाल्यांना, असं लेखी ठरलं. बसवेश साहेब थोडे नाराज होते, पण मान हलवली.

मग कोपऱ्यातून बंडेप्पा आजोबा काठी टेकत उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. तुमची शपथ त्यांच्या तोंडावर दिसत होती. ते बोलायच्या आत मी उठले. म्हटलं, "त्या दिवशी खांबाखालच्या चपला मी उचलून शिवायला नेल्या होत्या. रेवणप्पा अण्णांनी ते आजवर कुणाला सांगितलं नाही." मला वाटलं होतं सभा उठेल, कुणी काही बोलेल. चन्नव्वा अक्का एवढंच म्हणाल्या, "लेकरू हुतीस की गं." मग साहेबांकडे वळून त्यांनी विचारलं, "मिरच्यावाल्यांचं लिवलंत न्हवं?" त्यानंतर सह्या सुरू झाल्या. स्टेशन कोपऱ्यावरच होणार. चोवीस मार्चला, सोमवारी, खांब काढायचा आहे.

आता आईचं. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी तिला सांगितलं. तुमची सगळी पत्रं तिच्यापुढे ठेवली, शेवटचंही. ती भाकऱ्या थापत होती. मी बोलत होते, ती थापत होती. पीठ संपलं तेव्हा हात धुतले आणि दुपारच्या गाडीनं मादन हिप्परग्याला मावशीकडे निघून गेली. फोन उचलत नाही. मावशी म्हणते, जेवते, झोपते, कुणाशी बोलत नाही. पत्रांची पिशवी ती घेऊन गेली आहे.

जागा मिळाली, सह्या मिळाल्या, आणि घरात शिरताना मला धीर होत नाही. बाबा गेले, आता आईही गेली तर मी त्या स्टेशनचं काय करू? तुम्ही मला पुष्कळ काही शिकवलंत. आता काय करायचं ते सुचत असेल तर कळवा.

मंजू

*

मादन हिप्परगा,
१० मार्च २०२५

रेवणप्पा,

तुमची मंजूला आलेली सगळी पत्रं वाचली. चौथीपर्यंत शिकलेली मी, एक पत्र वाचायला एक सकाळ जाते. बहिणीची नात वाचून दाखवते म्हणाली, तिला दिली नाहीत. म्हणून उशीर झाला.

पोरीला सांगायचं ते मी काल फोनवर सांगितलं. न बोलता निघून आले ते माझं चुकलं. लेकरानं बापाची चप्पल शिवायला नेली, त्यात तिला काय बोलायचं. तेरा वर्षांची झाल्यापासून ती माझ्याबरोबर चपलांच्या दुकानात यायची नाही. मी म्हणायची, नखरे करते. आई असून मला कळलं नाही, हे मला फार लागलं आहे. ती रडली, मीही रडले. ते आमचं आम्ही बघू.

तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे.

चौकशीत तुम्ही एक शब्द बोललात आणि पोरीला झाकलं. मोठं मन केलं. गाव आता तेच म्हणतं, मंजूही तेच म्हणते. मला कुणी विचारलं होतं का? नवरा माझा गेला होता. सिद्धव्वा दुखवट्याला आली, तिला मी दारातून परत पाठवलं. तिचा काय दोष होता? तुमच्या घरून वेळामावस्येचा डबा आला, तो मी गल्लीतल्या कुत्र्यांपुढे ओतला. रोज सकाळी उठून आधी तुम्हाला शिव्या घातल्या, मग चूल पेटवली. त्या रागावर मी उभी राहिले, पोरीला शिकवलं. आता कळतं की माझा राग कुणावर जायचा ते तुम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. तुम्ही तिकडून गप्प, पोर घरात गप्प, आणि मधे मी एकटी मोठमोठ्यानं बोलत होते. खरं काय ते मला सांगायचं होतं, रेवणप्पा. मी पोरीला मारून टाकलं नसतं. तिला मांडीवर घेतलं असतं. तेरा वर्षांची असताना पेला ठेवून ती बाहेर जाऊन बसली ना, तेव्हा घेतलं असतं. ते आता होत नाही.

तुम्ही वर बघितलं नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलंत. त्याची माफी मी देणार नाही. देता येत नाही. पण पोरीला झाकायला तुम्ही नोकरी नि नाव घालवायला निघालात, तेही मी विसरणार नाही. ही दोन्ही एका माणसाची कामं आहेत, हे डोक्यात बसायला मला वेळ लागतो आहे.

चोवीस तारखेला खांब काढणार म्हणे. मी येणार. तो जमिनीवर पडेपर्यंत उभी राहणार. मंजू त्या दिवशी कामात असेल, तिच्या पायात पायात करायचं नाही. म्हणून आदल्या दिवशी तुमच्याकडे उतरते. सिद्धव्वाला सांगा, तिच्याशी मला आधी बोलायचं आहे, मग तुमच्याशी.

राग गेलेला नाही, तो घेऊनच येते. जेवायला थांबेन.

सुमन